दाणेदार भिंतीवरचा नाग

सर्जेराव माळेगावच्या साखर कारखान्यात फिटर. ब्याण्णव साली त्यांनी कारखान्याच्या रस्त्याला स्लॅबचं घर बांधलं. बारामतीत कुणा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी खरबरीत भिंत पाहिली होती, ती त्यांच्या डोक्यातून जाईना. मग इंदापूरहून म्हस्कू गवंडी आला. पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्यानं बारीक खडीचं सिमेंट उडवलं. भिंतभर ज्वारीएवढे दाणे उठले, त्यावर पोपटी रंग बसला. आल्यागेल्याला सर्जेराव म्हणायचे, "हात फिरवून बघा की!"

त्यांची बायको द्वारकाबाई मात्र त्या भिंतीकडं पाठ करूनच ज्वारी निवडायची.

द्वारकाबाई कोऱ्हाळ्याची. स्वयंपाक बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. सासूनं, म्हणजे साखरबाईनं, तिला कधी बरं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. पण नागपंचमीला तिच्यासारखा नाग गल्लीत कुणाला काढता येत नसे. गावाबाहेरचं वारूळ केव्हाच उसाखाली गेलं होतं. त्यामुळं गल्लीतल्या बाया तिच्याच दारी, जुन्या घराच्या सारवलेल्या भिंतीवरचा नाग पुजायला यायच्या. वर्षातला तेवढा एक दिवस ती घरात मानाची असायची.

नव्या घरातल्या पहिल्या पंचमीला तिनं दाण्यांवरच हळद ओढली. रेघ जागोजागी तुटली, फण्यावर फोड फोड दिसायला लागले. शेजारची विजयमाला फिदीफिदी हसली, "अगं बाई, नागोबाला देवी आल्यात जणू!"

साखरबाईही हसली. बाया विजयमालाच्या गुळगुळीत भिंतीकडं वळल्या. लाह्यांची वाटी हातात घेऊन द्वारकाबाई एकटीच उभी राहिली.

मग गळीत हंगाम आला. धुराड्यातून उडालेली काजळी दाण्यादाण्यात जाऊन बसली. फडकं फिरवलं तर फडक्याच्या चिंध्या व्हायच्या, हाताची सालटी निघायची.

"ही भिंत खरवडून द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी न्हाय दिली तर मी खरवडीन."

"हात तर लाव! माहेरी धाडीन."

"माहेरच्या भिंती गुळगुळीत हायती."

पुढच्या आषाढात तिनं नवऱ्याचीच छन्नी-हातोडी घेतली आणि ताटाएवढी जागा खरवडून काढली. सर्जेरावांनी कामावरून येऊन पाहिलं. त्यांनी वर खिळा ठोकला आणि मोठं कॅलेंडर टांगलं.

"गजकर्ण झाकलं," आईकडं बघत ते म्हणाले.

पंचमीच्या आदल्या दिवशी ते कामावर गेले तशी द्वारकाबाईनं कॅलेंडर उतरवलं. ताटाएवढ्या जागेत नुसता फणा मावणार होता. मग तिनं फण्याखाली छन्नी लावली आणि दाणे तोडत तोडत, वळणं घेत पार उंबऱ्यापर्यंत आली. दाण्यांच्या रानातून नागाचं अंगच उकरून निघालं.

साखरबाई दारात बसून सगळं बघत होती. "सर्जा येऊ दे, मग बघ तुझी गत!"

सर्जा आला. डबा आपटला. "अगं ए बये! भिंत हाय का नांगरट ही? उद्या म्हस्कूला बोलावतो आन सगळं बुजवून टाकतो."

"उद्या?" साखरबाई कडाडली. "उद्या पंचमी हाय. उद्या घरात विळी धरत न्हाईत, आन तू थापी धरणार व्हय रं?"

"मग परवा!"

सकाळी द्वारकाबाईनं उकरलेल्या अंगात हळद भरली. बाया आल्या. सगळ्यांत शेवटी विजयमाला आली. तिनं नाग फण्यापासून शेपटापर्यंत न्याहाळला, गुमान दूध-लाह्या ठेवल्या आणि हात जोडले. सर्जेराव बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी म्हस्कू आला. भिंतीवरचं हळदी-कुंकू बघून त्यानं काढलेली थापी परत पिशवीत घालायला घेतली.

"सर्जेराव, पुजलेला नाग मी बुजवू? माज्या घरात लेकरंबाळं हायती. ही घ्या थापी, तुमीच बुजवा."

सर्जेरावांनी थापी घेतली. भिंतीपुढं उभे राहिले.

"बुजव की," मागून आई म्हणाली. "का रं थांबलास?"

त्यांनी थापी खाली ठेवली आणि कॅलेंडर परत टांगलं. फणा झाकला. खालून हातभर नाग बाहेर राहिला.

त्यानंतर नवराबायकोत बोलणं बंद झालं. भाकरी ताटात पडायची, शब्द पडायचा नाही. साखरबाई अधूनमधून म्हणायची, "शेपूट वाकडंच काढलंय."

हंगाम लागला, काजळी उडाली. पोपटी भिंत काळवंडत गेली. द्वारकाबाई रोज ओलं फडकं घेऊन कॅलेंडर वर करायची आणि फण्यापासून शेपटापर्यंत नाग तेवढा लख्ख पुसायची. काळ्या भिंतीवर तो उघड्या दारातून, रस्त्यावरनंसुद्धा उठून दिसायचा.

शेवटी सर्जेरावांनाच राहवलं नाही. "बाकीची भिंत कोण पुसणार?"

द्वारकाबाईनं फडकं पिळलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"नाग माजा. भिंत तुमची."