एक्स-रेच्या चकत्या

हे मी आजवर कुणापुढेच बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, मठातल्या स्वामींपुढे नाही. दारू पीत नाही, त्यामुळे त्या वाटेनंही कधी तोंडून निसटलं नाही. तुमची-माझी ओळख नाही, कदाचित म्हणूनच जीभ थोडी सैल सोडतो आहे. मध्येच अडखळलो तर जरा थांबा. सवय नाही मला याची.

मी नागनाथ. आम्ही मूळचे मुरुडचे, बाजारात किराणा दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. मी गल्ल्यावर बसावं अशी वडिलांची इच्छा. मी लातूरला येऊन पूलचं पार्लर काढलं, टेबलं टाकली. ‘घोडा झाला तरी गोट्या खेळवतो,’ असं ते चारचौघांत म्हणायचे. किल्लारीच्या भूकंपाला पाचेक वर्षं झाली होती आणि शहरात क्लासचं पीक आलं होतं. नांदेड, बिलोली, देगलूर, कुठून कुठून पोरं येऊन खोल्या करून राहायची. दोन क्लासच्या मधल्या तासाभरात डोकं रिकामं करायला माझ्याकडे जिना चढून यायची. धंदा चालला. पण माझा जीव टेबलांत नव्हता — स्टिक दुरुस्त करण्यात होता.

स्टिकच्या टोकाला चामड्याची टिप असते, एवढं सगळ्यांना दिसतं. टिपेखाली टोपी असते, पितळेची किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकची. आणि या दोघींच्या मध्ये एक पातळ चकती — पॅड. ती दिसत नाही, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, पण प्रत्येक फटक्याचा मार ती खाते. ती नसली तर टोपी तडकते, आणि टोपी तडकली की लाकूड चिरतं. ही चकती कशाची करावी, या एका प्रश्नावर मी दोन वर्षं घालवली. हसू येतं ना? चामडं लावलं, ते पावसाळ्यात फुगलं. सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, तर पोरं म्हणाली, ‘आप्पा, गादीवर मारल्यावानी वाटून राहिलं.’ मोटार वायंडिंगवाल्याकडून तो जाड कागद आणला, तारांमध्ये घालतात तो. बरा होता, पण महिन्याभरात कडा सुटायच्या.

मग एकदा भंगारवाल्याकडे जुन्या एक्स-रेंचा गठ्ठा दिसला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून फिल्म बुडवली की वरचा काळा थर सुटतो. हाडं-बिडं सगळी पाण्यात जातात आणि हातात निळसर, स्वच्छ, टणक पातळ पत्रा उरतो. भोक पाडायच्या पंचानं त्याच्या चकत्या पाडायच्या, दोन्ही अंगांनी पॉलिश पेपर घासायचा, तीन-तीन एकावर एक चिकटवायच्या. फुगत नाहीत, दबत नाहीत, आणि आवाज कसा? खणखणीत. कुणी विचारलं तर ‘बाहेरचा माल आहे’ म्हणायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. अडचण एकच — एका संचातल्या सगळ्या स्टिका हाताला एकसारख्या लागायला हव्यात. म्हणून एका संचाला एकाच फिल्मच्या चकत्या, हा माझा नियम. आणि भंगारातली फिल्म म्हणजे मुडपलेली, ओरखडलेली, पावसात एकमेकींना चिकटलेली.

पाहा, मी अजून धंद्याचंच सांगतो आहे. टाळतो आहे, मला कळतं.

माझ्याकडे माणिक कामाला होता. टेबलं झाडायची, बॉल लावून द्यायचे, कुणाची पाळी कधी संपते ते बघायचं. वयानं माझ्याएवढाच. त्याचं गाव किल्लारीकडचं. भूकंपात घर बसलं, त्यात त्याची एकुलती एक मुलगी सापडली. रेणुका. हात मोडला होता, पोटालाही आतून मार होता. नवव्या दिवशी दवाखान्यातच गेली. जत्रेत काढलेला तिचा एक फोटो होता, तोही भिंतीखाली गेला. मागे उरला तो दवाखान्यातला एक्स-रे. उजव्या हाताचा. पाच बोटं, मनगटाजवळ मोडलेलं हाड, कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव आणि वय — पाच.

नवरा-बायको शहराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. सरूवहिनी दुपारी त्याचा डबा घेऊन यायच्या. त्या एक्स-रेवरून दोघांचं नेहमी वाजायचं. वहिनींचं म्हणणं साधं होतं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. “अस्थी सोडल्या न्हवं आपण? मग ही हाडं घरात कामून ठिवायची? लेकरू अडकून राहिलंय त्याच्यात.” माणिक ऐकून घ्यायचा. शेवटी त्यानं तो लिफाफा माझ्या कपाटात आणून ठेवला. “आप्पा, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. शेड गळतं, आन् घरात रोज कटकट हाय.” मी ‘ठेव’ म्हणालो. दर सोमवारी सकाळी टेबलं झाडून झाली की तो लिफाफा काढायचा, फिल्म खिडकीच्या उजेडात धरायचा, दोन मिनिटं बघायचा आणि फडक्यानं पुसून परत ठेवायचा. कडेला धरायचा, बोट लागू द्यायचा नाही.

आता — सांगतो.

नांदेडच्या एका मोठ्या क्लबनं त्यांच्या सगळ्या स्टिका माझ्याकडे पाठवल्या. स्पर्धा तोंडावर होती. असं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि लातूरच्या माणसाला नांदेडनं विचारावं याची घमेंड अंगात मावत नव्हती. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी मी फिल्म धुवायला घेतली, तर भंगारातल्या गठ्ठ्यात एकही फिल्म संचाला पुरेल अशी निघेना. एकीला पोपडे, दुसरी मधोमध मोडलेली. माणिक जेवायला गेला होता. मी कपाट उघडलं. ती फिल्म मी बोटांत धरून वाकवून पाहिली. सरळ, कडक, एक ओरखडा नाही. का नसेल? इतकी वर्षं एक बाप ती जपत होता.

मला माहीत नव्हतं, असं म्हणू का? चुकून भलता लिफाफा हाती लागला, अंधार होता, घाई होती? दुपारचा दीड वाजला होता. मी ती खिडकीशी धरली आणि पाच बोटं पाहिली. नाव वाचलं. मनात काय आलं, तेही सांगतो — माल चांगला आहे. हेच आलं. मग मी पाण्यात सोडा टाकला.

हात जायला फार वेळ लागला नाही. मी चिमट्यानं फिल्म हलवत होतो, पाणी काळं होत गेलं, ते मी मोरीत ओतलं आणि वर दोन तांबे स्वच्छ पाणी टाकलं. माणिक आला तेव्हा मी चकत्या पाडत होतो. रिकाम्या लिफाफ्याचे तुकडे करून मी आधीच खाली टाकून आलो होतो. त्यानं चहा आणून माझ्या बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्टिका नांदेडला पोचवायला मी त्यालाच पाठवलं. एसटीच्या टपावर टाकल्या तर लाकूड वाकेल, म्हणून मीच बजावलं होतं — हातातच धर. सगळा प्रवास त्यानं तो गठ्ठा फडक्यात गुंडाळून, गुडघ्यांमध्ये उभा धरून केला. तुम्हाला समजतं आहे ना, तो काय धरून बसला होता? आल्यावर खुशीत सांगत होता, “आप्पा, लई खूश झाले लोक. काय टणक आवाज हाय म्हणले.” मला हसावं लागलं. नाही, लागलं म्हणजे काय? बरं वाटलं म्हणून हसलो.

सोमवार चार दिवसांवर होता. चार दिवस पुष्कळ असतात. मी त्याला गाठून पाय धरू शकलो असतो. त्यानं मला मारलं असतं, काम सोडलं असतं, गावभर सांगितलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तो कपाटाकडे नुसता वळला तरी मी त्याला दुसरं काम सांगायचो. पण मी बोललो नाही.

सोमवारी त्यानं कपाट उघडलं. एकेक कप्पा काढून खाली ठेवला. मला विचारलं, मी म्हणालो, मी हात लावला नाही. त्यानं कप्पे पुन्हा एकेक करून चाळले. आणि तेव्हा, त्यानं न विचारता, मी म्हणालो, “परवा वहिनी कपाटाशी उभ्या होत्या.”

वाक्य खोटं नव्हतंच. पाण्याचा माठ कपाटाला लागूनच होता, वहिनी तिथे रोजच उभ्या राहायच्या. किती हुशार आहे पाहा मी. लबाडीसुद्धा खऱ्या वाक्यात बसवून दिली.

वहिनी दुपारी डबा घेऊन आल्या. त्यानं पोरांसमोरच विचारलं. त्या आधी गोंधळल्या, मग शपथा घातल्या, मेलेल्या लेकीचीही घातली. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, तुमी सांगा की. मी कपाट उघडलेलं तुमी बगितलं का?” मी टिपेला पॉलिश पेपर घासत होतो. मान वर न करता म्हणालो, “मी कामात होतो, वहिनी.”

माणिकनं त्यांच्यावर हात उचलला नाही. त्यांच्या हातचं जेवण सोडलं, बस. डबा रोज यायचा आणि भरलेला परत जायचा. तो क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये जेवायचा. महिनाभरानं वहिनींचा भाऊ मुखेडहून आला आणि त्यांना घेऊन गेला. तो पस्तिशीचा, ती तिशीची. पुन्हा एखादं लेकरू झालं असतं, भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या घरात राहायला गेले असते, चाललं असतं कसंबसं. तो तिला आणायला गेला नाही आणि ती आपणहून आली नाही. दोघांनाही दुसरं लग्न करा असं सांगणारे भेटले. दोघांनीही केलं नाही.

पुढची वीस-बावीस वर्षं माणिक माझ्याकडेच होता. पार्लरमागच्या खोलीत राहायचा. मी त्याला आसरा दिला, असं लोक म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. दरवर्षी रेणुका गेली त्या दिवशी तो सुट्टी मागून नांदेडला जायचा, गोदावरीवर. मी एकदा विचारलं, तिथेच का? म्हणाला, “अस्थी तिथंच सोडल्या व्हत्या. सरूनं एक्स-रेबी तिथंच सोडला असंल. दुसरीकडं कुठं सोडणार? निदान तेवढं तरी तिनं सांगाया पायजे होतं.” मी त्याला जाताना नारळ घेऊन द्यायचो. हेही केलं मी.

आणि त्या नांदेडच्या कामानं माझं नाव झालं. परभणीहून, उदगीरहून स्टिका यायला लागल्या. मी फिल्मच्या चकत्या करणं सोडलं असेल, असं वाटत असेल तुम्हाला. नाही सोडलं. माल चांगला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात माणिक गेला. झोपेतच, छातीत कळ येऊन. मी मुखेडला निरोप धाडला, आणि वहिनी दहाव्याला आल्या. केस पांढरे झाले होते, दात पडले होते, आधी मी ओळखलंच नाही. सगळं आटोपल्यावर मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बाकड्यावर बसल्यावर म्हणाल्या, “तुमी सांभाळलं भाऊ त्यास्नी. सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं.” मग त्यांनी विचारलं, “ते सापडलं का वो कदी?”

मी विचारलं, काय? मला माहीत होतं काय ते.

“तो फोटो. हाताचा.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “तवा मीच म्हणत व्हते, टाकून द्या. आता लेकराचं तोंड आठवंना झालंय बगा. डोळे मिटून लई बगते, येत न्हाई. तेवढा हात तरी बगितला असता.”

तिथे आमच्या दोघांशिवाय ओळखीचं कुणी नव्हतं. माणिक गेला होता. मला आता कुणाचंच भय उरलं नव्हतं — काम नाही, नाव नाही, कशाचंच नाही. बस लागायला वेळ होता.

मी म्हणालो, “नाही वहिनी. नाही सापडला.”

त्यांनी मान हलवली. माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला.