फेट्यातला कौल

कंपनीनं मला शिक्रापूरहून जपानला धाडलं होतं. तिथल्या एका पुरातन शिंतो देवळात मला चक्क मांडवगण फराट्याचे एक आजोबा भेटले! फेटा, धोतर आणि वर तिथं नोकरीला असलेल्या मुलाचा जाड कोट. कमानीबाहेरच चपला काढून ते गारठलेल्या खडीवरून अनवाणी निघालेले. तिथं असं कोणी करत नाही. सून दवाखान्यात बाळंतपणात अडली होती, म्हणून कौल मागायला आले होते.

तिथं डबा हलवला की कौलाची चिठ्ठी मिळते. त्यांची निघाली अशुभ. मी ऐटीत म्हणालो, "मामा, वाईट चिठ्ठी इथंच दोरीला बांधायची. संकट इथंच राहतं."

"तुम्ही इथले गुरव हाय का?" त्यांनी चिठ्ठी फेट्यात खोचली. "संकटाला कुनीतरी लागतंच. मला धरू दे, सुनेला सोडू दे."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. सून आणि नात, दोघी सुखरूप! मी आनंदानं टाळी वाजवली.

वारा अजिबात नव्हता, तरी दोरीवरच्या शेकडो चिठ्ठ्या एकदम सळसळल्या. कोणी हाक मारावी तसे मामा तिकडं वळले.

"व्हय, ध्यानात हाय," ते हळूच म्हणाले. "नातीचं तोंड तेवढं बघू द्या."