काटा चकरा मोजतो

मथुराअक्का आधी गाडीच्या टायरांकडे बघायच्या आणि मग माणसाकडे. शहागडला हायवेलगत त्यांचं टायरचं दुकान. नवरा गेल्यावर ते त्यांनी एकटीनं चालवलं. साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट, कमरेला चाव्यांचा जुडगा. मी घनसावंगीला मास्तर. हवा भरायला पहिल्यांदा थांबलो आणि नमस्कार केला, तर पुढच्या चाकाकडे बघतच त्यांनी विचारलं, "सर, गाडी डावीकडं वढून राह्यली ना?" खरंच ओढत होती.

पुढं धाकट्या भावाचं, अनिलचं लग्न ठरलं. नवरदेवाची गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मी दुसरीकडून मोठे, रुंद टायर बसवून घेतले. मोठ्या हौसेनं अक्कांना दाखवायला गेलो. त्या खडू घेऊन आल्या. टायरवर एक रेघ मारली आणि मला गाडी ढकलायला लावली. चहाला थांबलेले ट्रकवाले मोठ्यानं चकरा मोजू लागले. दहा चकरांत गाडी बासष्ट फूट गेली. जुनं चाक माझ्याकडे डिकीत होतं. तेही त्यांनी रस्त्यावरून दहा चकरा लोळवलं, ते सत्तावन्नच गेलं.

"काटा चकरा मोजतो, सर. चाक केवढं हाये ते त्याला कोण सांगणार? तो साठ म्हणल तवा तुम्ही पासष्टनं पळून राह्यले."

शिवाय वजन पडलं की टायर आत मडगार्डला घासेल, असंही त्यांनी बजावलं. लग्न चार दिवसांवर होतं, गाडी देखणी दिसत होती. मी हसून वेळ मारून नेली.

लग्न शहागडातच होतं, अक्कांनाही आमंत्रण होतं. पुढं अनिल, मागं आमच्या तीन जाडजूड आत्या. मंडपाच्या वळणावर मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि चाकातून असा आवाज निघाला की जणू घोडाच खिंकाळतोय. रबराचा वास सुटला. गाडी हलेना. बँडवाले आमच्याकडे न बघता पुढं निघून गेले.

अक्का मंडपातून धावत आल्या. अंगावर जांभळी रेशमी साडी, केसांत गजरा. खाली वाकून पाहिलं, आत्यांना हात धरून उतरवलं आणि स्वतः गाडीच्या पुढं उभ्या राहिल्या. मी थोडं मागं, थोडं पुढं घेत होतो आणि त्या दोन्ही हात हवेत फिरवत उलट्या पावलांनी चालत होत्या. वळून पाहणाऱ्या बँडवाल्यांना वाटलं, बाई नाचतायत. ते परत आले आणि अक्कांभोवती वाजवू लागले. आत्या नाचायला लागल्या. मग व्याही आले, भटजी आले. अक्का ओरडून सांगत होत्या की मी नाचत न्हाई, रस्ता दाखवतेय. कुणालाच ऐकू येईना. शेवटी त्याही हसत सुटल्या आणि खरंच नाचल्या. अनिल बिचारा काच खाली करून विचारत होता, लग्न आजच आहे ना. मुहूर्त टळला, पण नवरीकडचे रागावले नाहीत. नवरीचे वडीलच सगळ्यात शेवटी दमले.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी माझे जुने टायर परत बसवून दिले. मी ओशाळून म्हणालो, अक्का, तुमच्यासाठी काय करू?

त्यांनी हात पुसले. मग हळूच म्हणाल्या, "मला गाडी शिकवा."

तेव्हा मला कळलं. तीस वर्षं त्यांनी दुनियेची चाकं बदलली होती, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. नवऱ्याला शिकव म्हणून सांगितलं होतं, तो पुढच्या वर्षी म्हणत राहिला आणि गेला.

दोन महिने रोज सकाळी आम्ही गोदावरीकाठच्या रस्त्यावर जायचो. क्लच त्यांना रडवायचा. एकदा उसाच्या फडात घुसल्या आणि उतरून आधी टायर तपासले. लायसन्स आलं त्या दिवशी मला शेजारी बसवून त्या हायवेला लागल्या. दुकान समोर आलं. दारात दोन ट्रक उभे, ड्रायव्हर हात हलवून थांबवत होते.

मी म्हणालो, अक्का, गिऱ्हाईक आहे.

"थांबतील ते," त्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "आज मी चालले." आणि जांब गाव येईपर्यंत त्यांचं हसू थांबलं नाही.