रताळ्यांबरोबर आलेली माती

पाष्टेकाकू रताळी आणली की आधी नळावर नेत नसत. वर्तमानपत्र पसरून एकेक रताळं हातात घ्यायच्या आणि अंगठ्याने माती सोडवायच्या, तान्ह्या बाळाच्या अंगाचं पीठ काढावं तशी. ती माती दारातल्या पत्र्याच्या डब्यात जायची. मग नळ.

भाईंदरच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मागे मिठागरं, त्यामुळे अंगणातली मातीसुद्धा खारट. काकूंनी रत्नागिरीहून आणलेलं तुळशीचं रोप दर वेळी जळायचं. "तुळस लागली की घर. तोवर मुक्काम," म्हणायच्या. गावाहून आलेली ट्रंक त्यांनी कधी पुरती रिकामी केली नव्हती.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. काकू जिच्याकडून रताळी घ्यायच्या, ती रोझाबाय जवळच्या उत्तन गावची. एकदा म्हटलं, "काकू, रोझाबायकडून टोपलीभर माती मागून आणू?"

त्या उखडल्या. "बीए झालास ना रे? कुणाची जमीन मागतात होय? भाजीबरोबर आपणहून येते, तेवढीच आपली."

काकांना हे पटत नसे. ते मुद्दाम स्टेशनजवळच्या दुकानातून धुतलेली रताळी आणायचे. "बघ, कशी लखलखीत! तुझी ती रोझाबाय चिखलसुद्धा वजनात विकते."

काकू रताळं फिरवून बघायच्या. "नवरदेव सजलाय झकास. पण वऱ्हाड कुठे ठेवून आला?"

डबा भरायला दोन हिवाळे गेले. मग त्यातच पुन्हा तुळशीचं रोप लावलं. काकू रोज त्याच्यासमोर बसायच्या, पण हात लावायच्या नाहीत. दृष्ट लागेल म्हणून जास्त बघायच्याही नाहीत. नवी पानं फुटली त्या सकाळी त्यांनी चाळभर साखर वाटली. दुपारी पाहतो तर ट्रंक उघडी, आणि गावची भांडी फळीवर ओळीने मांडलेली.

पुढे काही वर्षांनी काकू गेल्या. त्या हिवाळ्यात बाजारात रोझाबायच्या पाटीपुढे काका उकिडवे बसलेले दिसले. सगळ्यात मळकी रताळी निवडून त्यांनी तागडीत टाकली होती.

"लय चिखल हाय, काका," रोझाबाय म्हणाली. "झटकते, मंग वजन करते."

काकांनी तागडीवर हात आडवा धरला.

"झटकू नको, बाय. माती वजनात धर."