चारची कळ

माझ्या बाबांना कोणी धंदा विचारला की ते "अक्षरं भरतो" म्हणायचे आणि पुढे काही सांगायचे नाहीत. दफनभूमीच्या फाटकासमोर पाथरवटाची शेड आहे. पाथरवट दगडात मेलेल्यांची नावं खोदायचा आणि मागच्या खोलीत बसून बाबा बारीक ब्रशने त्या खाचांत लाल रंग भरायचे. चाळीस वर्षांत रंग कधी खाचेबाहेर गेला नाही. घरी मात्र चहाचा कप बशीत धड ठेवता आला नाही त्यांना.

दीड वर्षापूर्वी आई गेली, तेव्हा तिचा दगडही त्यांनीच भरला. मी नको म्हणत होते. "दुसऱ्याच्या हातून तिचं नाव वाकडं व्हायला नको," म्हणाले. दोन दिवस ते त्या एका नावाशी बसून होते. त्याच आठवड्यात, दुपारी चार वाजता, त्यांच्या पोटात पहिली कळ आली.

मग ती रोज चारला यायला लागली. आधी बेंबीभोवती पीळ पडायचा, मग कपाळावर घाम, मग बाबा स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन डोळे मिटून बसायचे. वीस मिनिटांनी तोंड पुसून पुन्हा ब्रश हातात. पुढे पुढे इतर वेळीही दुखायला लागलं. अंगावरचा शर्ट खांद्यावरून घसरायला लागला, चेहऱ्याचा रंग उतरला. डॉक्टरांचं नाव काढलं की ते विषय टोलवायचे. मी पहिल्यापासून तापट. शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापकसुद्धा मला वचकून असतात, तिथे बाबांची काय कथा! एका सोमवारी रजा टाकली आणि त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

पहिल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, रक्त जरा कमी आहे म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. मग लघवी, मग शौचाची तपासणी, मग एक्स-रे. त्यानंतरच्या प्रत्येक रिपोर्टवर "नॉर्मल" वाचलं की बाबा माझ्याकडे बघून हसायचे. परीक्षेत कॉपी करून पास झालेला पोरगा हसतो ना, तसं. मला ते हसू आवडत नव्हतं.

सोनोग्राफीला पोटभर पाणी पिऊन बसायचं होतं. बाकावर आम्ही दोघं, आजूबाजूला पोट धरून बसलेली पंधरा-वीस माणसं. भिंतीवरचं घड्याळ चारवर आलं आणि बाबा वाकले. वाकून पोटाशी हळूच बोलले, "जरा थांब गं. लोक आहेत."

"कोणाशी बोलताय?" मी विचारलं.

"कोणाशी नाही."

"बाबा."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग बोट लावून लावून दाखवायला लागले, जसं कोणी घरातल्या खोल्या दाखवतं. "हे डावीकडे टोचतं ना, तो सुतार. गेल्या वर्षी नाव भरलं त्याचं. जिवंतपणीही असाच टोचून बोलायचा. खाली जड वाटतं ती शाळेतली बाई. आणि चारला तुझी आई येते."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"चारलाच चहा घेऊन यायची ना ती शेडवर," ते म्हणाले. "वेळ चुकवत नाही."

भर दुपारी, माणसांनी भरलेल्या त्या व्हरांड्यात माझ्या अंगावर काटा आला. "वेडेपणा पुरे," मी खेकसले. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. सोनोग्राफीतही काही निघालं नाही.

शेवटी घशातून नळी घालून पोट आतून बघायचं ठरलं. त्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन आत नेलं. अर्ध्या तासाने नर्स बाहेर आली. फाइल छातीशी घट्ट धरलेली.

"नळी काढली, सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "पण तुमचे वडील गुंगीत नावं घेतायत. एकामागून एक. जन्माची तारीख, मग जाण्याची."

"धंदाच आहे त्यांचा तो," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

"माझ्या वडिलांचंही घेतलं."

"त्यांचाही दगड बाबांनीच भरला असेल."

"असेल. मीही तेच म्हटलं मनाशी. पण त्यांचं नाव घेऊन थांबले. डोळे मिटलेलेच होते. मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. आणि म्हणाले, 'मुलगी नर्स झाली हो तुमची. हात हलका आहे.'"

मी तिला बाकावर बसवलं.

ही गोष्ट तिने आतल्या तरुण डॉक्टरांना सांगितली, तेव्हा कुठे त्यांना प्रश्न पडला. चार महिने सगळ्यांनी बाबांचं पोट बघितलं होतं, काम कोणीच विचारलं नव्हतं. बाबा शुद्धीवर आल्यावर डॉक्टर कॉटवर टेकले. "आजोबा, इतकं बारीक काम. ब्रशला टोक कसं काढता?"

बाबांनी रिकामी तीन बोटं ओठांशी नेली, ओठांत जणू ब्रश फिरवला आणि जिभेने टोक लावलं. मी जन्मापासून हे बघत होते. कधी खटकलंच नाही.

डॉक्टरांनी त्यांचा खालचा ओठ खाली ओढून बॅटरी मारली. हिरड्यांवर निळसर काळी रेघ होती. "रंग कुठला वापरता?"

"नेहमीचा बाजारातलाच. पण हिच्या आईसाठी जुना डबा उघडला," बाबा म्हणाले. "तो कारखाना केव्हाच बंद पडला. नवा रंग दोन वर्षांत उडतो, हा उडत नाही. एकदा उघडलेला डबा वाळून जाऊ नये म्हणून मग सगळ्यांनाच तोच लावला."

रक्त पुन्हा गेलं, या वेळी वेगळ्या तपासणीला. जुन्या रंगातलं शिसं निघालं. इतकं, की डॉक्टरांनी आकडा दोनदा तपासून घेतला. "मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "आता हयगय केलीत तर राहणार नाहीत." एकोणीस दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. त्यांना सडक्या अंड्यासारखी घाण येते. रंगाचा डबा मी स्वतः दवाखान्यात नेऊन दिला.

पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "सुतार गेला." आठव्या दिवशी शाळेतली बाई गेली. ते असं सांगायचे, जसं कोणी पाहुण्यांना स्टेशनवर सोडून आल्यावर सांगतं. रंग परत येत होता, भूक लागत होती. मी खूश होते. आणि बाबा दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

बाराव्या दिवशी त्यांच्या उशीखाली चार कॅप्सूल सापडल्या. माझा तोल सुटला. "मरायचंय का तुम्हाला?"

"आता एकच राहिलीय," ते म्हणाले. "तिला राहू दे ना, पोरी. एवढीशीच दुखते."

"आई तुमच्या पोटात नाहीये, बाबा! ते विष आहे!"

"मग कुठे आहे ती?"

मला एवढंच माहीत होतं की एक गेली आहे आणि दुसऱ्याला मी जाऊ देणार नाही. मी ग्लास भरला, कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली आणि समोर उभी राहिले. मला रडू फुटलं, तरी हलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघत ती गिळली. पुढचे सगळे दिवस तशीच उभी राहून गिळायला लावली.

शेवटची कॅप्सूल संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून लवकर आले. बाबा खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसले होते. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले, दोन्ही हात पोटावर.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वाचार."

"आली नाही."

त्यांचा चेहरा इतका निरोगी मी वर्षभरात बघितला नव्हता, आणि तो माझ्याने बघवेना. ही मीच केलेली गोष्ट होती. मी चप्पलसुद्धा न काढता दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले.

"उशीर झाला असेल, बाबा," मी म्हटलं. "बसू थोडा वेळ."