ठिपके माझे नव्हते

वहिनींनी माझ्या कपाळावर पांढऱ्या पोस्टर कलरचा ठिपका लावला. मग गालांवर. मग दोन्ही दंडांवर रांगाच्या रांगा. अंगात गोणपाटाचा झगा, कमरेला कागदाची पानं. पायात काही नाही. शारजातल्या इंग्रजी शाळेचा एसी हॉल, गारठलेली फरशी, आणि मी भिंतीला टेकून उभी.

बाजूला ईशाचा चार्ट. ईशा वहिनींची मुलगी, पाचवीतली. शाळेचा इंटरनॅशनल डे होता. तिचा विषय ऑस्ट्रेलियातले आदिवासी. वहिनींना वाटलं, घरात कामालाच एक आदिवासी आहे, तर तिलाच उभी करू.

लोक यायचे, चार्ट बघायचे, मग मला बघायचे. फोटो काढायचे. वहिनींच्या ओळखीच्या एका मराठी बाईने त्यांना विचारलं, "डझ शी स्पीक?"

वहिनी हसल्या. "बोलते ना! हिंदी, मराठी सगळं. खाते पण आपल्यासारखंच."

त्या बाईने माझ्या दंडावरच्या ठिपक्याला बोट लावून बघितलं. मी हलले नाही. हलायचं नाही असं सांगितलं होतं.

मी वारली. डहाणूकडच्या पाड्यावरची. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वहिनींच्या आईकडे नाशकात कामाला होते, तिथून मला शारजाला आणलं. अल मजाजला बाराव्या मजल्यावर घर. खाली खाडीचं निळं पाणी. माझी भाषा बोलणारं त्या अख्ख्या शहरात कोणी नव्हतं. कपडे धुताना बाथरूमचं दार लावून मी स्वतःशीच बोलायचे, शब्द जायला नकोत म्हणून. एकदा वहिनींनी ऐकलं. म्हणाल्या, "काय पुटपुटतेस गं? भीती वाटते."

आमच्यात असे ठिपके काढत नाहीत. अंगावर तर नाहीच. ते मी वहिनींना सांगितलंही होतं. "कुणाला कळतंय?" म्हणाल्या.

घरी येऊन मी तोंड धुतलं. रंग गेला, पण कातडी ओढल्यासारखी होत राहिली. ईशाला जेवायला वाढलं आणि विचारलं, "तू तिथे काय बोललीस? मला इंग्रजी कळलं नाही."

पोर गुणी होती. पुस्तक घेऊन आली. तिच्या मोडक्या मराठीत सांगायला लागली. "व्हाइट लोक शिपने आले. बोलले, ये जमीन किसी की नहीं है. मग फेन्स लावली. मग आदिवासींच्या मुलांना आईकडून नेलं. दूरच्या होममध्ये ठेवलं. लँग्वेज बोलली की मारायचे."

"का?"

"टु मेक देम लाइक अस. आपल्यासारखं करायला."

आपल्यासारखं. दहा वर्षांची पोर. तिला कळलंही नाही ती काय बोलली.

मी खाली बसले. माझ्या आजाने सांगितलेलं आठवलं. गोऱ्या साहेबाने डोंगराला दगडांची रेघ मारली, आणि रेघेच्या आतलं रान सरकारचं झालं. साहेब गेला. रेघ राहिली. आपलं राज्य आल्यावरही फॉरेस्ट गार्डाने आजाला एका लाकडापायी दिवसभर उन्हात बसवलं होतं. मी समोर होते. आजा मान वर करत नव्हता.

आणि आश्रमशाळा. मी सात वर्षांची. पाणी मागितलं ते माझ्या बोलीत. गुरुजींनी हातावर छडी मारली. "माणसासारखं बोल."

पुस्तकात एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. कपाळावर आठ्या, नजर सरळ. मी ईशाला खालचं वाचायला लावलं. 'ॲन ॲबोरिजिनल वुमन.' बस. नाव नाही. समुद्रापलीकडे कुठेतरी ही बाई होती, आणि तिलाही असंच कुणीतरी उभं केलं होतं. त्या घरात मला तीच एक जवळची वाटली.

पुढच्या आठवड्यात घरी पार्टी. साहेबांच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, ऑफिसचे लोक, मराठी कुटुंबं. वहिनी म्हणाल्या, "तोच ड्रेस घाल. थोडं नाच. आणि ह्या भिंतीवर तुमचा तो लग्नातला चौक काढ, देवीचा. मस्त दिसेल टीव्हीमागे."

"नाही काढणार."

"काय?"

"तो लग्नातच काढतात. सवाशिणी काढतात. लग्न लावणारी धवलेरी गाते, तेव्हा देवी येते. टीव्हीमागे येत नाही."

"अगं, तुमच्या कल्चरचा मानच वाढवतोय ना आम्ही!"

"शाळेत मान नव्हता, वहिनी. ठिपकेही माझे नव्हते. मी तो ड्रेस घालणार नाही. नाचणार नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. "एवढी अक्कल कुठून आली?"

"तुमच्या मुलीच्या पुस्तकातून."

संध्याकाळी साहेब आले. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात असायचा. म्हणाले, "खलास. व्हिसा कॅन्सल करतो. परत जा तुझ्या जंगलात."

घरी माझ्या पगारावर चार माणसं होती. तरी म्हटलं, "करा."

अकरा दिवस त्या घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. ईशालाही मनाई केली होती. मी भांडी घासली, फरशी पुसली, आणि बाथरूमचं दार उघडं ठेवून माझ्या भाषेत बोलले. मोठ्याने.

पाड्यावर परतले तेव्हा आई रडली. शेजारी म्हणाले, पोरीने चांगली नोकरी घालवली. माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. नंतरही फारसं नाही.

आता आमच्याकडे गाड्या येतात. कॅमेरे येतात. कोणाला लग्न बघायचं असतं, कोणाला भिंती, कोणाला म्हाताऱ्यांचे चेहरे. मी वाटेत उभी राहते. कोण तुम्ही? कोणाला विचारून आलात? हे नेऊन काय करणार? नीट उत्तर मिळालं तर पाणी देते. नाही मिळालं तर गाडी तिथूनच वळते. पाड्यातलेच काही जण चिडतात माझ्यावर. चिडू देत. मी वाट सोडणार नाही.