मांजरीने उघडलेली खोली

त्या वर्षी घट बसवायचा की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. मोहाडीला ज्या घरात आम्ही लेक शाळेत होती तेव्हापासून भाड्याने राहत होतो, ते घर सोडायची वेळ आली होती. घरमालकांना आम्ही काकाजी म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी सगळीकडे नवी फरशी बसवली होती, आणि आमच्या भुऱ्याचे चिखलाचे पाय तिच्यावर उमटले की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एक दिवस दारात उभे राहून ते म्हणाले, "जनावरं सोडा नाई तं घर सोडा. दसऱ्यापर्यंत पाहून घ्या." ओरडले असते तर मीही ओरडले असते. शांत माणसाशी भांडायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

जनावरं म्हणजे भुऱ्या कुत्रा आणि सोनी मांजर. भुऱ्याला लेकीने दप्तरात घालून आणलं होतं. ती सासरी गेली, तो आमच्याकडे राहिला आणि म्हातारा झाला. डोळ्यांनी त्याला जवळजवळ दिसत नव्हतं, वासावरूनच तो घर ओळखायचा. सोनी आपणहून आली होती आणि गाभण होती. माझे यजमान चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवतात, रविवारी घरी येतात. ते म्हणाले, भुऱ्याला तिकडे कॉलनीत सोडू, उरलंसुरलं खायला मिळतं. मी विचारलं, आंधळ्या कुत्र्याला ट्रकच्या रस्त्यावर सोडणार? आपल्या ताटातली अर्धी पोळी त्यांनी नेहमीसारखी त्यालाच घातली.

मी घरं पाहत फिरले. बाजाराच्या दिवशी पिशवी हातात घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून विचारलं. तहसील कचेरीमागे एक छान जागा मिळत होती. तिथल्या मालकीणबाईंनी घरात कोण कोण म्हणून विचारलं, मी म्हटलं आम्ही दोघंच. तेवढ्यात माझ्या मागेमागे वास काढत आलेला भुऱ्या त्यांच्या फाटकाशी येऊन बसला आणि माझ्याकडे तोंड करून शेपटी हलवू लागला. बाई हसल्या आणि नाही म्हणाल्या. परतताना मी त्याला इतकं बोलले की रस्त्यावरचे लोक बघत राहिले. घरी आल्यावर त्याच्याच पाठीवर डोकं ठेवून रडले.

मी देवीशी फार अदबीने बोलत नाही. चुलीपुढे बसून जाऊबाईशी बोलावं तसं बोलते. घट बसवला तो भक्तीपेक्षा थोड्या चतुराईनेच. देवी बसलेलं घर काकाजी कसं रिकामं करायला लावतील, असा माझा हिशेब. काकाजी आले, घटाला हात जोडले, आणि दसऱ्याची आठवण करून गेले. मग मी देवीला सरळ सांगितलं, की आम्हा चौघांना एकत्र राहता येईल असं घर दे, नाहीतर काकाजींचं मन फिरव. कामही मीच सांगितलं आणि ते कसं करायचं तेही मीच सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी सोनी घटाच्या पाटामागे व्याली. मला वाटलं, आता सगळंच बुडालं. देवीजवळ विटाळ, आणि घरातून काढायला काकाजींना आणखी एक कारण. पिल्लांना हलवायला हात पुढे केला, तर सोनीने फक्त माझ्याकडे पाहिलं. माझ्याने ते झालं नाही. मी पाटावर दिवा लावत राहिले, ती मागे पिल्लांना पाजत राहिली, आणि घटातले अंकुर पिवळे पिवळे वर येत राहिले.

अष्टमीला पाहते तर पाटामागे काहीच नव्हतं. बोक्याने पिल्लं खाल्ली असतील असं मनात आलं. मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तेवढ्या आशेवर शोधायला निघाले. काकाजींची गच्ची पाहिली, शेजारचा गोठा पाहिला, धानाच्या पोत्यांमागे वाकून पाहिलं. शेवटी वस्तीच्या टोकाला, तलावाकाठच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरांपाशी पोहोचले. एक म्हातारी आपल्या दारात कुलूप हातात घेऊन उभी होती. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी आधीच माफी मागायला लागले.

"तुही मांजर हाये का वो?" तिने विचारलं. "माहा बुढा गेला तवापासून या खोलीत मी पाय नोता ठेवला. आज पिल्लायचा आवाज आला म्हनून कुलूप काढलं."

आत मेलेल्या म्हाताऱ्याच्या जुन्या जाळ्यांचा ढीग होता आणि त्यात सोनी पिल्लं घेऊन पडली होती. फळी तुटलेल्या खिडकीतून आली असावी. जाळ्याला माशाचा वास, म्हणून गेली, असं माझे यजमान म्हणतात. तेही खरं असेल. म्हातारी उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मी तिच्याजवळ बसले. मग तिने माझं विचारलं, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग इथंच येऊन जा ना. कुत्राबी आन. मले तरी कोनाचा आवाज ऐकू येईन."

दसऱ्याला घटातले अंकुर पाण्यात शिरवायला आम्ही तलावावर गेलो, आणि तिथूनच त्या खोलीत राहायला गेलो. छपराचे कवेलू गळत होते, भिंतीला ओल होती. तरी मी देवीला म्हटलं, केलंस बाई माझं काम.

पण भुऱ्याला ते घर पटलं नाही. रोज सकाळी तो वास काढत जुन्या घरी जायचा आणि बंद फाटकाशी बसायचा. संध्याकाळी मी दोरी घेऊन त्याला परत आणायची. काकाजी आधी त्याला हाकलायचे, पुढे हाकलेनासे झाले. नंतर एकदा त्याच्यापुढे पाण्याची वाटी दिसली. मी कोणी ठेवली ते विचारलं नाही.

थंडी पडल्यावर एका सकाळी काकाजी स्वतः तलावाकडे आले. काही न सांगता माझ्यापुढे चालू लागले, आणि मला समजलं. भुऱ्या फाटकाच्या आत होता, त्या नव्या फरशीवर. त्यांनी त्याच्यावर आपला खांद्यावरचा दुपट्टा घातला होता. रात्रीच परत येऊन फाटकाशी थंडीत कण्हत होता म्हणून आत घेतला, पहाटे गेला, म्हणाले. मी रडत म्हटलं, माफ करा काकाजी, आमच्यामुळे तुम्हाला शेवटपर्यंत त्रास झाला.

"हा तं इथलाच होता बाई," ते म्हणाले. "भाडेकरू तुमी होते."

मागच्या सीताफळीखाली त्यांनीच कुदळ मारली. मला हातही लावू दिला नाही.

मी ज्यांचं मन फिरव म्हणून देवीला सांगितलं होतं, ते तिने फिरवलं, पण मला घर मिळाल्यावर, आणि माझ्यासाठी नाही. ते त्या आंधळ्या जीवासाठी होतं, ज्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं, जो फक्त दाराशी जाऊन बसला होता. याचं दुःख अजून आहे आणि कृतज्ञताही आहे, दोन्ही एकाच जागी. देवीशी मी आजही भांडते. मागतेही. पण कसं द्यायचं ते आता सांगत नाही, नुसती दाराशी जाऊन बसते.